तासिका ३५ मिनिटांची, पण कुणाची?

मागच्या वर्षी सप्टेंबरात आठवीतल्या एका मुलीने आम्हाला जे ऐकवले, ते अकरा वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाने ऐकवले नव्हते. संध्याकाळी विहारातल्या वर्गात ती इंग्रजीचा धडा वाचत होती. अडखळत होती, पण थांबत नव्हती. आम्हाला नवल वाटले. विचारले, "अगं, एवढं वाचता येतं तर शाळेत का वाचत नाहीस? तिथं तर तोंडसुद्धा उघडत नाहीस." ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "सर, तुम्ही माझ्यापर्यंत येईस्तोवर घंटा व्हती."

बाकीची पोरे हसली. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र हसू आले नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत इंग्रजी शिकवतो. जयभीमवाले सर अशीच गावात आमची ओळख आहे. स्टाफरूममध्ये आरक्षणाचा विषय निघाला की सगळे आमच्याकडे बघतात आणि आम्हीही मागे हटत नाही. ३ जानेवारी, ११ एप्रिल, ६ डिसेंबर, या दिवशी माइक आमच्याच हातात असतो. अशा माणसाच्या वर्गात आपल्याच वस्तीतल्या पोरीला तिचा नंबर यायच्या आत घंटा ऐकू येते, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. तरी सांगतो, कारण प्रश्न एकट्या आमच्या वर्गाचा नाही.

आधी हिशेब बघा. तासिका ३५ मिनिटांची. आठवीच्या तुकड्या दोन, पण इंग्रजीच्या शिक्षकाचे एक पद रिक्त, म्हणून इंग्रजीला दोन्ही तुकड्या एकाच खोलीत कोंबलेल्या. पट ६२. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते कागदावर राहू द्या. शेजारच्या तुकडीची पोरे दप्तरे घेऊन येतात, ढकलाढकली करून बसतात, यात ५ मिनिटे. हजेरीला ४. मग शिपाईमामा सूचना वही घेऊन दारात उभे: शिष्यवृत्तीच्या फॉर्मला ज्यांचे जातीचे प्रमाणपत्र जोडलेले नाही त्यांनी उभे राहावे. उभी राहतात ती आपली पोरे, आणि बाकीचा वर्ग माना वळवून बघतो. त्याला २ मिनिटे. कालचा गृहपाठ निम्म्यांनी केलेला नाही, त्यावर आमचे व्याख्यान २ मिनिटे. उरली २२ मिनिटे. म्हणजे १३२० सेकंद, भागिले ६२. एका मुलाच्या वाट्याला २१ सेकंद येतात. आणि त्यातच आम्ही धडा समजावून सांगणार, फळ्यावर शब्दार्थ लिहिणार, मागच्या बाकावरचे भांडण मिटवणार.

इतिहास-भूगोल ऐकून थोडाफार येतो. गणित एकाने फळ्यावर सोडवले तर बघणाऱ्यालाही त्यातले काही कळते. भाषेचे तसे नाही. ज्याची जीभ त्यालाच वळवावी लागते. विहिरीच्या काठावर बसून पोहणाऱ्याकडे कितीही बघा, पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे येत नाही. आणि आमच्या वर्गात रोज त्याच पाच-सात जणांना पाण्यात उतरायला मिळत होते.

असे का होते, ते शिक्षकाला माहीत असते, पण तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. हेडमास्तरांचा प्रश्न ठरलेला: पोर्शन कुठपर्यंत आला? दर आठवड्याला टाचणवही सहीला जाते. त्या वहीत उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, गृहपाठ असे सगळे रकाने आहेत. किती मुले बोलली, असा रकाना नाही. म्हणून शिक्षक काय करतो? धडा स्वतः वाचतो. ओळीओळीचे मराठी सांगतो. प्रश्न विचारतो, ज्यांचे हात वर आहेत त्यांच्याकडून उत्तर घेतो, "व्हेरी गुड" म्हणतो आणि पुढे सरकतो. वर्ग जिवंत वाटतो. धडाही संपतो.

त्या संध्याकाळनंतर आम्ही हजेरीपटाची झेरॉक्स काढली. ज्याला प्रश्न विचारला, ज्याने वाचले, त्याच्या नावापुढे तासिका संपल्यावर एक टिंब. दोन आठवडे कुणाला न सांगता हे केले. तो कागद कुणी तपासणार नव्हता, त्यामुळे खोटे टिंब द्यायचे कारण नव्हते. बारा तासिका झाल्यावर रात्री कागद उघडून बसलो. पुढच्या दोन बाकांवरच्या सात पोरांपुढे टिंबांची रांगच रांग. आणि १९ नावे कोरी. बारा तासिकांत एकदाही नाही! ही १९ नावे कुणाची होती? भीमनगरची, तांड्यावरची, आणि आईबाप ऊसतोडीला जातात त्या घरांची. चार-पाच इतर होती. आमच्याच आडनावाचा एक मुलगा, नात्याने पुतण्या लागणारा, तोही कोऱ्यात.

आम्ही कुणाचीही जात बघून प्रश्न विचारला नव्हता. आणि म्हणूनच तरुण मित्रांनो, इथे थोडे थांबून विचार करा. जातीवादी शिक्षक कसा ओळखायचा हे आपल्याला ठाऊक आहे. तो टोमणा मारतो, फुकटे म्हणतो, "तुम्हाला काय, सवलत आहे" म्हणतो. त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. पण ज्याच्या घरी बाप शिक्षक आहे, जो सकाळी शिकवणीला जाऊन उद्याचा धडा आजच वाचून आला आहे, त्याचा हात आधी वर जातो. तो बरोबर उत्तर देतो आणि चटकन देतो. आमच्याकडे सेकंद मोजके, म्हणून आम्हाला चटकन उत्तर देणाराच हवा असतो. ज्याला वाक्य जुळवायला अर्धे मिनिट लागते त्याच्याकडे वळायला वेळ नसतो. कुणाला पुढे घ्यायचे आणि कुणाला मागे ठेवायचे हे मग घड्याळच ठरवते, आणि आमच्यासारखा शिक्षक निळा गमछा घालून निर्धास्त राहतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभा काय होता? सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गासाठी. तासिकेचेही तेच आहे. पट दाखवायला ६२ डोकी लागतात, त्या पटावर शिक्षकाचे पद टिकते, म्हणजे आमचा पगारही त्या कोऱ्या १९ नावांच्या जिवावर निघतो. आणि खर्च होतो सात जणांवर.

बाबासाहेबांचा एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग आपण सगळ्यांनी भाषणांतून ऐकला आहे, आम्ही स्वतः तो कितीतरी वेळा सांगितला आहे. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले, आणि सवर्ण पोरे धावली, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. डबे बाजूला झाल्यावरच भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. हा प्रसंग सांगताना आमचा आवाज चढतो, श्रोते चिडतात. पण टिंबांच्या त्या कागदासमोर बसल्यावर त्यातली दुसरी बाजू पहिल्यांदाच दिसली. त्या शिक्षकाने बोलावले तरी होते. आमच्या फळ्यामागे आज कुणाचाही डबा नाही, दुपारची खिचडी सगळे एकाच पातेल्यातली खातात, आणि तरी आम्ही त्या पोरीला बोलावले नाही. त्याच शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावे लागले. तिथे नकार तोंडावर होता. आमच्या वर्गात तो घंटेच्या आवाजात मिसळून जात होता, म्हणून कुणाला ऐकू येत नव्हता. आम्हालाही नाही.

मग आम्ही वर्ग बदलायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात चूक केली. डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने उठून वाचायचे. न्याय्य वाटते ना? तांड्यावरच्या एका पोराची चिठ्ठी निघाली. तो उभा राहिला, पुस्तक उघडले आणि एक अक्षर बोलला नाही. वर्ग खुसखुसू लागला. आम्ही धीर दिला, पहिला शब्द सांगितला. त्याच्या कानशिलावरून घाम उतरताना आम्हाला दिसत होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठ वर्षे ज्याला कुणी विचारले नाही त्याला एक दिवस अचानक ६१ जणांसमोर उभे करणे म्हणजे संधी नव्हे. आम्ही तांड्यावर जाऊन त्याला घेऊन आलो आणि डबा कपाटात टाकला.

नंतर जोड्या केल्या. ६२ पोरांच्या ३१ जोड्या. रोज ८ मिनिटे जोडीने वाचायचे, ४ मिनिटे एकाने, ४ दुसऱ्याने. ऐकणाऱ्याने अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची, हसायचे नाही. आम्ही बाकांमधून फिरायचे. २१ सेकंदांचे ४ मिनिटे झाले, तेही एक पैसा खर्च न करता. हजेरी वर्गप्रतिनिधीकडे दिली. गृहपाठावरचे व्याख्यान बंद केले, त्याने गृहपाठ कधीच झाला नव्हता. ओळीओळीचे मराठी सांगणे सोडले. धड्यातले पाच-सहा शब्द फळ्यावर लिहून ठेवायचे आणि बाकी पोरांनी अंदाजाने ओढत न्यायचे. उत्तरे सांगून लिहून देणेही बंद. हे शेवटचे सगळ्यात अवघड गेले, कारण पालक वही उघडून बघतात आणि भरलेली वही म्हणजे शिकवलेला धडा असे समजतात.

एकतीस जण एकाच वेळी मोठ्याने वाचत असले की खोलीचा बाजार होतो. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून गेले. हेडमास्तरही आले. पण खरे दुखणे आवाजाचे नव्हते. जोड्या लावल्या आणि आठ दिवसांत वर्गातली जात वर आली. बाकावर शेजारी बसतात, खिचडी एकत्र खातात, पण एका पुस्तकात डोके घालून रोज ८ मिनिटे बसायचे म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, मला जोडी बदलून द्या." कारण सांगेना. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. भाषा अगदी सभ्य होती. "सर, तसं काही नाही, पण हुशार मुलीचं नुकसान होतंय." आणि आम्ही जोडी बदलून दिली. भांडण नको, वर्ग नवीन आहे, बसू द्या घडी, असे मनाशी म्हणालो. जिच्याशेजारून तिला उठवले ती मुलगी काही बोलली नाही. नुसती खिडकीकडे सरकून बसली. ती खिडकीकडे सरकलेली पाठ आम्हाला अजून दिसते.

पुढच्या सोमवारपासून नियम केला. जोड्या दर आठवड्याला हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेक घर पुढे सरकतील आणि कुणालाही, कोणत्याही कारणाने बदलून मिळणार नाही. ते पालक पुन्हा आले. या वेळी आम्ही त्यांना वाचनाचा कागद दाखवला. त्यांची मुलगी घडाघडा वाचत होती, पण वाचलेल्याचा अर्थ जोडीदाराला सांगताना अडखळत होती, आणि दुसऱ्याला सांगता सांगताच तिला तो कळू लागला होता. त्यांना पटले असे आम्ही म्हणणार नाही. ते "बघा सर, तुमच्यावर आहे" म्हणून गेले. हुशार कुणाला म्हणायचे यावर आपल्या शाळांत कधीतरी कडक वाद व्हायला हवा. आधीच वाचून आलेला आणि आत्ता वाचायला लागलेला, यांत आपण पहिल्यालाच हुशार म्हणतो.

याची किंमतही सांगायला हवी. पहिल्या सत्रात आम्ही दोन धडे मागे राहिलो. तपासणीला आलेल्या साहेबांनी वह्या अपुऱ्या असा शेरा मारला. निकालात काही चमत्कार झाला नाही. कोरी नावे मात्र महिन्याभरात संपली.

चळवळीतल्या एका मित्राला हे सांगितले तर तो उसळला. म्हणाला, "सर, तुम्ही मलमपट्टी करत बसलात. पद रिक्त आहे, दोन तुकड्या एका खोलीत आहेत, कायद्याचा भंग आहे. मोर्चा काढायचा सोडून मिनिटे कसली मोजता? हे कंपनीवाल्यांचे टाइम मॅनेजमेंट झाले." त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पदासाठी आम्ही निवेदने दिली आहेत, पोच घेतलेल्या प्रती फाइलला आहेत, गरज पडली तर रस्त्यावरही उतरू. याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला लावता येतात असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय काय लावतात यावर वेगळा लेख होईल. पण मित्रा, पद भरले आणि वर्गात ३१ पोरे राहिली, तरी तेच सात हात आधी वर जाणार आहेत. आणि पद भरेपर्यंत ही पोरगी शाळेतून निघून गेलेली असेल. आरक्षणाने आपले पोर बाकापर्यंत आणले. बाकावर बसल्यावर ३५ मिनिटांतली किती त्याची, हे कोणत्याच शासन निर्णयात लिहिलेले नाही. ते शिक्षक रोज ठरवतो, आणि शिक्षकांत आता आपलीही माणसे आहेत.

त्या मुलीपाशी वेळ आमच्याहूनही कमी होता. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, आणि धाकटी भावंडे सांभाळायला, भाकरी टाकायला थोरली पोरगी बरोबर न्यावीच लागते. गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली की काही मुले मागे राहतात, पण तेरा वर्षांची पोरगी मागे ठेवायला आई तयार होत नाही, आणि तिची भीती खोटी आहे असे म्हणायची आमची हिंमत नाही. सहावी ते आठवीचे वर्ष कायद्याने २२० दिवसांचे. तिचे जूनच्या मध्याला सुरू झाले आणि दिवाळीला संपले. जोडीचे वाचन तिला जेमतेम सहा आठवडे मिळाले. जाताना तिने इंग्रजीचे पुस्तक पिशवीत घातले होते, एवढे आम्ही बघितले.

गुढीपाडवा झाल्यावर ती परत आली. विहारात आली आणि भिंतीला टेकून बसली. आम्ही विचारले, काही वाचलेस का? म्हणाली, "युरियाच्या गोणीवरचं वाचलं." मग हळूच म्हणाली, "भावाला बी वाचायला बसवायची. घड्याळ नव्हतं. चार भाकरी व्हईस्तोवर त्यो, मग तवा उतरवला की मी." भाऊ तिसरीला आहे. तिने पुस्तक उघडून वाचून दाखवले. पहिल्यापेक्षा फार सुधारले होते असे नाही, पण गेली होती तिथून मागेही आली नव्हती. फडावरून परतलेल्या पोरांना पुन्हा अक्षरओळखीपासून बसवायची आम्हाला सवय आहे, म्हणून हे आम्हाला मोठे वाटले.

आता या वर्षी ती नववीत आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीला संपतो.

आणि आता विहाराविषयी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. आमच्या विहारातला वर्ग त्याच कारणासाठी आहे. वेळ ७ ते साडेआठ. यातून वंदना वजा करा, ती हवीच. पण त्यानंतर कधी कमिटीची बैठक, कधी वर्गणीचा हिशेब, कधी कुणाचा वाढदिवस. मार्च लागला की जयंतीची तयारी सुरू होते, सतरंजीवर पोरांच्या जागी स्पीकरचे खोके येतात आणि वर्ग महिनाभर बंद. शाळेची वार्षिक परीक्षा नेमकी एप्रिलात असते. जयंती धूमधडाक्यात करा, आम्हीही मिरवणुकीत असतो. पण शाळेतल्या घंटेवर बोट ठेवणाऱ्या आपण विहारातला वेळ कुणी खाल्ला हेही एकदा कागदावर लिहून बघावे. आम्ही कमिटीपुढे हे मांडले तेव्हा दोघे-तिघे रागावले. शेवटी ठरले ते असे: ७ ते ८ या वेळेत विहारात बैठक होणार नाही, जयंतीच्या महिन्यातसुद्धा नाही. ठराव वहीत आहे, खाली सह्या आहेत. पहिली परीक्षा मार्चमध्ये होईल.

आमच्याकडे सध्या २४ पोरे येतात. ऐकायला आम्ही एकटे. जोडी लावली तरी तिसरीचे पोर आणि नववीची पोरगी एकमेकांना कुठपर्यंत पुरणार? रोज एक तास सतरंजीवर बसून दोन-तीन पोरांचे वाचन ऐकतील असे चौघे जण हवे आहेत. इंग्रजी फाडफाड येण्याची अट नाही. दहावी झालेला चालेल, नापास झालेलाही चालेल. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारता आली पाहिजे आणि पोर थांबले तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत गप्प राहता आले पाहिजे. तुमच्या गावात विहार असेल तर तिथेच बसा, आमच्याकडेच या असे नाही. दिवाळीला अजून तीन महिने आहेत, त्यानंतर निम्मा वर्ग फडावर जाईल.

जय भीम!